ओळ कुठे अडते ते आधी बघा : इंग्रजी कवितेतले अलंकार ओळखताना

मे महिन्यात नागपुरात दुपारी एक वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्याला आपल्याकडे सरळ म्हणतात, 'कर्फ्यू लागला.' म्हणून टॉमस ग्रेची 'द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे' ही ओळ मी फळ्यावर लिहिली, तेव्हा मागे बसलेल्या एका पोट्ट्याने वहीत अर्थ लिहिला : 'गावात संचारबंदी आहे आणि दिवस पार्टी करत आहे. अलंकार : पर्सोनिफिकेशन.'

सगळे हसले, तोही हसला. पण मी जरा थबकले. त्या ओळीत मरणाऱ्या दिवसासाठी घंटा वाजते, म्हणजे दिवसाला माणूस केलेलंच आहे. अलंकाराचं नाव चुकलं नव्हतं. चुकली होती ती सगळी ओळ. आणि परीक्षेत नुसतं नाव विचारलं असतं तर त्याला गुणही मिळाले असते!

नागपुरातल्या महाल भागातल्या घरी मी अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दर वर्षी मुलं वीस-बावीस व्याख्या पाठ करून येतात. 'लाइक' दिसलं की सिमिली, 'ओ' दिसलं की अपॉस्ट्रफी. हे म्हणजे डबा न उघडता झाकणावरून भाजी ओळखण्यासारखं. कधी जमतं, एरवी वांगं समजून भेंडी निघते. खाली जी रीत सांगते आहे, तिच्यात व्याख्या अगदी शेवटी येते.

सुरुवात : भाबडा अर्थ

ओळ मोठ्याने वाचा. मग तिचा मराठीत अगदी भाबडा, शब्दाला शब्द अर्थ लिहा. कवितेला शोभेल असा नको, सात-आठ वर्षांचं पोर सांगेल तसा. आता हा अर्थ वाचताना कुठे अडायला होतं ते बघा. 'हे कसं शक्य आहे?' असं जिथे वाटेल तिथे पेन्सिलीने गोल करा. अलंकार बहुतेक त्या गोलातच असतो.

अडणं तीन तऱ्हांचं असतं. कधी अर्थ अडतो : म्हटलेलं खरं असू शकत नाही. कधी कान अडतो : एकच आवाज पुन्हा पुन्हा येतो. कधी जीभ अडते : शब्द आपल्या जागेवर नसतात. आपली ओळ यांतल्या कोणत्या कारणाने अडली एवढं ठरलं, तरी वीस नावांतली बारा-पंधरा आपोआप गळतात.

ग्रेच्या त्या कडव्यावरच करून बघू. कविता 1751 सालची आहे आणि कडवं चारच ओळींचं आहे.

द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे,
द लोइंग हर्ड वाइंड स्लोली ओअर द ली,
द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्स हिज वीअरी वे,
अँड लीव्ह्ज द वर्ल्ड टु डार्कनेस अँड टु मी.

आधी शब्द. पूर्वी युरोपातल्या गावांत संध्याकाळी घंटा वाजायची आणि लोक चुली-शेगड्यांतला विस्तव झाकून ठेवायचे. 'कर्फ्यू' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'विस्तव झाका' या अर्थाच्या शब्दांतून आला. पोलिसांचा त्याच्याशी संबंध खूप नंतर जुळला. 'नेल' म्हणजे माणूस गेल्यावर वाजवतात ती घंटा. 'लोइंग' म्हणजे हंबरणं, 'ली' म्हणजे गवताळ रान.

भाबडा अर्थ असा : घंटा निरोप घेणाऱ्या दिवसाच्या मरणाची वर्दी देते. हंबरणारी गुरं हळूहळू रानातून वळत जातात. नांगऱ्या घराकडे आपली थकलेली वाट तुडवतो आणि जग अंधाराला आणि मला देऊन जातो.

आपल्याकडे या वेळेला गोरज म्हणतात, त्यामुळे चित्र लगेच दिसतं. पण अडतं कुठे? 'मरणाची वर्दी' इथे अडतं, कारण दिवस मरत नाही. 'थकलेली वाट' इथे अडतं, कारण वाट थकत नाही. 'घराकडे' हा शब्द क्रियापदाच्या आधी का आला, ही एक शंका. 'प्लाउमन, प्लॉड्स' आणि 'वीअरी वे' इथे कान टवकारतो. एका कडव्यात चार गोल झाले. नाव अजून एकाही अलंकाराचं घेतलेलं नाही.

कानाला अडणारं : ओळ देवनागरीत लिहा

सोपं आधी उरकते. सुरुवातीचा व्यंजनध्वनी पुन्हा पुन्हा आला की अ‍ॅलिटरेशन, म्हणजे आपला अनुप्रास. इथे मुलं फसतात ती स्पेलिंग बघून. 'नाइट' (सरदार या अर्थाचा) आणि 'किंग' ही दोन्ही इंग्रजीत के या अक्षराने लिहितात, म्हणून ठोकून देतात अनुप्रास. त्यावर माझा उपाय साधा आहे : ओळ देवनागरीत लिहून काढा. 'नाइट, किंग' लिहिलं की फसवणूक उघडी पडते. 'सिटी' आणि 'कॅट' एका अक्षराने सुरू होतात पण एका ध्वनीने नाही. उलट 'फोन' आणि 'फेस' यांची अक्षरं वेगळी, ध्वनी एकच. 'वन' आणि 'वंडर' यांचंही तसंच. आपल्या लिपीचा असा फुकटचा फायदा आपण घेत नाही, याचं मला नवल वाटतं.

मात्र देवनागरीही दोन ठिकाणी चकवते. 'द डार्क' लिहिलं तर द आणि ड जवळचे वाटतात, पण 'द' हा शब्द इंग्रजीत इतका हलका उच्चारतात की तो अनुप्रासात धरत नाहीत. आणि दाताने ओठ दाबून म्हणायचा व्ह आणि ओठ गोल करून म्हणायचा व हे वेगळे आहेत. 'व्हॅली' आणि 'वॉटर' यांची जोडी लावू नका.

ध्वनीचं अनुकरण करणारा शब्द आला की ऑनोमॅटोपिया. यात आपली मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे : खळखळ, किणकिण, रातकिड्यांची किर्रकिर्र. त्यामुळेच एक घोळ होतो. 'झगमग', 'लखलख' हे शब्दही आपल्याला तसेच वाटतात, म्हणून मुलं 'ग्लिटर'ला ऑनोमॅटोपिया म्हणून मोकळी होतात. पण उजेडाला आवाज नसतो. टेनिसनच्या 1847 मधल्या 'मर्मरिंग ऑफ इन्यूमरेबल बीज' या ओळीत म, न आणि र यांनी मिळून मधमाश्यांचा गुंजारव उभा केला आहे. तो डोळे मिटून ऐका म्हणजे फरक कळेल.

आणि ओळींच्या शेवटी जुळणारे शब्द, ज्यांना आपण यमक म्हणतो, तो इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत फिगर ऑफ स्पीच नाही. त्याचा प्रश्न वेगळा येतो.

दोन वेगळ्या जातींची सोयरीक

सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, एवढं सगळ्यांना येतं. तरी सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक 'लाइक' आणि 'अ‍ॅज' बघून हुरळण्याची. 'आय लाइक मँगोज' यात उपमा नाही, आंबा आवडतो एवढंच आहे. 'अ‍ॅज आय वॉक्ड' म्हणजे 'मी चालत असताना'. आणि खरी तुलना असली तरी दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या असतील तर ती उपमा होत नाही. 'ती बहिणीएवढी उंच आहे' ही मोजणी झाली. 'सदर भागातला रस्ता धरमपेठेतल्या रस्त्यासारखा आहे' ही माहिती झाली. उपमेला दोन वेगळ्या जाती लागतात. त्यांच्यात एक धागा समान असतो आणि बाकी सगळं वेगळं.

शाळेत मराठीच्या तासाला शिकलेली चार नावं इथे उपयोगी पडतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. वर्ड्‌स्वर्थची प्रसिद्ध ओळ घ्या : 'आय वॉन्डर्ड लोन्ली अ‍ॅज अ क्लाउड'. उपमेय मी, उपमान ढग, साधारण धर्म एकटेपण, साम्यवाचक शब्द 'अ‍ॅज'. चारही सापडले, उपमा पक्की. पण एवढ्यावर थांबू नका. ढग एकटा असतो का? ढगाला एकटं वाटतं का? एकटेपण तर माणसाचं. कवीने आधी ते ढगाला दिलं आणि मग त्याच्याकडून उसनं घेतलं. उपमेच्या पोटात पर्सोनिफिकेशन दडलेलं आहे.

आणखी एक गंमत. ज्या फेरफटक्यात या कवितेतली डॅफोडिलची फुलं दिसली तो 15 एप्रिल 1802 चा होता आणि त्या दिवशी वर्ड्‌स्वर्थबरोबर त्याची बहीण डोरथी होती. तिने रोजनिशीत त्या फुलांचं सुंदर वर्णन करून ठेवलं आहे. म्हणजे 'एकटा' ही घडलेली गोष्ट नाही. ती कवीने केलेली निवड आहे. हे सांगितलं तेव्हा वर्गातली एक मुलगी रागावून म्हणाली, 'म्हणजे बहिणीला गाळून टाकलं का जी त्यानं?' गाळलं खरं.

मेटाफर ओळखायला साम्यवाचक शब्द काढून बघायचा. 'जीवन रंगभूमीसारखं आहे' ही सिमिली. 'ऑल द वर्ल्ड्‌ज अ स्टेज' हा मेटाफर, कारण शेक्सपिअर 'सारखं' म्हणत नाही, 'आहेच' म्हणतो. हे सोपं उदाहरण. कठीण असतो तो लपलेला मेटाफर, ज्यात उपमानाचं नावच घेतलेलं नसतं. कार्ल सँडबर्गची धुक्यावरची सहा ओळींची कविता 1916 मध्ये त्याच्या संग्रहात आली. ती अशी सुरू होते : 'द फॉग कम्स ऑन लिटल कॅट फीट'. धुकं मांजराच्या पावलांनी येतं, बंदर आणि शहर न्याहाळत उकिडवं बसतं आणि पुढे निघून जातं. मुलं इथे धडाधड पर्सोनिफिकेशन लिहितात. पण पर्सन म्हणजे माणूस, आणि मांजर माणूस नव्हे. निर्जीवाला माणसाचे गुण दिले तर पर्सोनिफिकेशन. प्राण्याचं रूप दिलं तर मेटाफर म्हणणं जास्त चोख.

मराठी अलंकारांची यादी इंग्रजीवर जशीच्या तशी बसत नाही, हेही इथेच सांगून टाकते. आपल्याकडे 'जणू' आलं की उत्प्रेक्षा. इंग्रजीत 'अ‍ॅज इफ' आलं तरी त्याची भरती सिमिलीतच होते. उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरलं तर आपल्याकडे व्यतिरेक. ज्ञानेश्वरांनी मराठी अमृतालाही पैजेने जिंकेल असं म्हटलं, तो व्यतिरेक. शेक्सपिअर 1609 मध्ये छापलेल्या आपल्या अठराव्या सुनीतात तेच करतो. प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा देऊ का असं विचारतो आणि लगेच म्हणतो, 'दाउ आर्ट मोअर लव्हली अँड मोअर टेम्परेट'. इंग्रजीच्या शालेय यादीत याला वेगळं नाव नाही.

नागपुरात ही कविता शिकवताना आधी माफी मागावी लागते. पंचेचाळीस अंशांत घाम पुसत बसलेल्या मुलांना 'तू उन्हाळ्याच्या दिवसासारखी आहेस' हे भांडण काढल्यासारखं वाटतं. इंग्लंडचा उन्हाळा आपल्या माघासारखा सुखाचा, हे सांगितल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. उपमान कोणत्या हवामानातलं आहे हे माहीत नसेल तर उपमा ओळखता येते, पण कळत नाही.

मारबत, मेघ आणि मिल्टन

पर्सोनिफिकेशन आणि अपॉस्ट्रफी यांची गल्लत कायमची. त्यात अपॉस्ट्रफी हे नाव शब्दाच्या डोक्यावरच्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचंही आहे. मागे एकाने उत्तरात चक्क 'या ओळीत दोन अपॉस्ट्रफी आहेत' असं लिहून त्या चिन्हांना बाण काढले होते.

आपल्या नागपूरकरांना हा अलंकार खरं तर शिकवावा लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते आणि अख्खं शहर ओरडतं, 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!' बांबू-कागदाचा पुतळा, पण त्याच्याशी थेट बोलतात, त्याला काम सांगतात. जो ऐकू शकत नाही, उत्तर देऊ शकत नाही किंवा समोरच नाही, त्याला उद्देशून बोलणं म्हणजे अपॉस्ट्रफी. शेली 1819 मध्ये पश्चिमेच्या वाऱ्याला हाक मारतो, 'ओ वाइल्ड वेस्ट विंड', तेव्हा तो तेच करत असतो. जुनं पालापाचोळ्यासारखं उडवून ने असंही पुढे वाऱ्याला सांगतो. मारबतीशी त्याचं जमलं असतं.

गल्लत टाळायला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. माणूस नसलेल्याला माणसाचं काही दिलंय का? दिलं असेल तर पर्सोनिफिकेशन. त्याच्याशी थेट बोललंय का? बोललं असेल तर अपॉस्ट्रफी. दोन्हींची उत्तरं 'हो' असू शकतात, शेलीच्या वाऱ्यासारखी. एकाचंच असू शकतं. 'फ्लटरिंग अँड डान्सिंग' म्हणताना वर्ड्‌स्वर्थ फुलांना नाचवतो, पण त्यांच्याशी बोलत नाही. तोच कवी 1802 मध्ये 'मिल्टन! दाउ शुडस्ट बी लिव्हिंग अ‍ॅट धिस अवर' म्हणतो तेव्हा बोलतो, पण माणूस करण्याचा प्रश्नच नाही. मिल्टन माणूसच होता, फक्त 1674 मध्येच वारलेला.

निर्जीवाशी माणूस का बोलतो? याचं उत्तर इंग्रजीच्या गाइडात शोधू नका. आपल्या जवळच्या रामटेकशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या मेघदूतात ते आहे. यक्ष ढगाला निरोप सांगायला लागतो तेव्हा कालिदास स्वतःच अडतो. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा हा गोळा, तो कुठे आणि सजीवाने पोचवायचे निरोप कुठे? आणि पुढच्याच श्वासात उत्तर देतो की प्रेमाने व्याकूळ झालेल्यांना सचेतन-अचेतन यांतला भेद कळत नाही. स्पष्टीकरण लिहिताना 'कवीची भावना इतकी तीव्र आहे की...' असं एक वाक्य आपण घालतो, त्याचा मूळ धागा इथे आहे.

एमिली डिकिन्सनचं एक उदाहरण माझ्या आवडीचं. 1886 मध्ये ती गेली आणि 1890 मध्ये तिची ही कविता छापून आली : 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ, ही काइंडली स्टॉप्ड फॉर मी'. मृत्यू गाडी घेऊन येतो आणि सभ्यपणे थांबतो. पर्सोनिफिकेशन 'स्टॉप्ड'मध्ये आहेच, पण खरी कारागिरी 'काइंडली' या एका शब्दात आहे. यमदूत म्हणून नव्हे, घरी न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा मृत्यू दिसतो. उत्तरात हा शब्द उचलून दाखवला तर तुमची वही वेगळी दिसेल.

विशेषण चुकीच्या दारात

'थकलेली वाट' आठवते? थकला नांगऱ्या, पण 'वीअरी' हे विशेषण जाऊन बसलं वाटेजवळ. ज्याचं विशेषण त्याच्याकडून उचलून शेजारच्या नामाला चिकटवणं म्हणजे ट्रान्सफर्ड एपिथेट. मराठीत आपण हे रोज करतो. 'आळसावलेली दुपार' म्हणतो, तेव्हा आळसावलेले आपण असतो. 'निवांत गल्ली' म्हणतो, तेव्हा निवांत गल्लीतली माणसं असतात.

तपासणी सोपी आहे. विशेषण काढा आणि त्याच ओळीतल्या माणसाला लावून बघा. नीट बसलं तर ट्रान्सफर्ड एपिथेट. आणि हे पर्सोनिफिकेशन का नाही? कारण इथे वाट काही करत नाही, तिला डोळे-कान फुटलेले नाहीत. तिच्यावर फक्त दुसऱ्याच्या थकव्याची सावली पडली आहे. दिवसभर नांगरून आलेल्या माणसाला वाटही थकल्यासारखी वाटते.

मुंबई नागपुरात येते तेव्हा

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी या जोडीला मुलं सगळ्यात घाबरतात. मला ती सगळ्यात घरगुती वाटते.

1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्या शहरात होतं. डिसेंबरात लोक म्हणतात, 'मुंबई आली नागपुरात.' समुद्र आणि लोकल काही आलेले नसतात, सरकार आलेलं असतं. सरकारऐवजी सरकारच्या गावाचं नाव घेतलं, ही मेटॉनिमी. 'खुर्ची गेली' म्हणजे सत्ता गेली, तीही मेटॉनिमी. जिचा संबंध आहे पण जी त्या वस्तूचा अवयव नाही, अशी गोष्ट तिच्या जागी येते.

आता हे बघा : 'घरात खाणारी सहा तोंडं आहेत', 'कामाला चार हात कमी पडतात'. तोंड आणि हात हे माणसाचेच भाग. भाग सांगून अख्खा माणूस सांगितला, ही सिनेक्डकी. म्हणजे प्रश्न एकच : ही वस्तू अंगाचा भाग आहे का? मुकुट राजाच्या डोक्यावर असतो, पण काढून ठेवता येतो. हात काढून ठेवता येत नाही.

जेम्स शर्लीची 1659 मध्ये छापलेली कविता म्हणते, 'सेप्टर अँड क्राउन मस्ट टंबल डाउन' आणि पुढे सांगते की मातीत त्यांना 'सायद अँड स्पेड'च्या बरोबरीला आणलं जाईल. राजदंड आणि मुकुट म्हणजे राजे, विळा आणि कुदळ म्हणजे राबणारी माणसं. चारही मेटॉनिमी. इथे 'राजे आणि शेतकरी सारखेच मरतात' असं लिहिलं असतं तर ओळ वर्तमानपत्रातली झाली असती. वस्तू मातीत पडताना दिसतात, ठण्ण वाजतात, म्हणून ती लक्षात राहते.

उलट मार्लोच्या नाटकात, जिच्यासाठी ग्रीकांनी ट्रॉयवर जहाजं नेली त्या हेलेनला पाहून फॉस्टस विचारतो, 'वॉज धिस द फेस दॅट लाँच्ड अ थाउजंड शिप्स?' चेहरा हेलेनचा भाग, म्हणून सिनेक्डकी. हजार जहाजं, म्हणून हायपरबोली. उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न, म्हणून इंटरॉगेशन. एका ओळीत तीन अलंकार. प्रश्नपत्रिकेत एकच विचारला असेल तर ज्याचं स्पष्टीकरण तुम्हाला सगळ्यात पक्कं जमतं तो निवडा.

हायपरबोलीबद्दल एवढंच : अतिशयोक्ती म्हणण्याआधी ती खरंच अशक्य आहे का ते बघा. 'उन्हाने डांबर वितळलं' ही नागपुरात बातमी आहे. 'रस्त्यावर पोळी भाजता येईल' ही अतिशयोक्ती. रॉबर्ट बर्न्स समुद्र आटेपर्यंत आणि सूर्याने खडक वितळेपर्यंत प्रेम करीन म्हणतो, तिथे मात्र शंकेला जागा नाही.

विरोध : तीन नावं, एक मोजपट्टी

ऑक्झिमोरॉन, पॅराडॉक्स आणि अँटिथेसिस. मोजपट्टी लांबीची लावा. दोन विरोधी शब्द खेटून उभे असतील तर ऑक्झिमोरॉन : रोमिओ 'कोल्ड फायर, सिक हेल्थ' म्हणतो तसे. पूर्ण विधानच स्वतःला खोडत असेल आणि विचार केल्यावर खरं निघत असेल तर पॅराडॉक्स : 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन'. लहानपणी घडलेल्यातूनच मोठा माणूस जन्मतो, म्हणून पोर बाप. आणि दोन विरोधी गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्या, पण त्या एकमेकींना खोडत नसतील, तर अँटिथेसिस. अलेक्झांडर पोपच्या 1711 मधल्या 'टु अर इज ह्यूमन, टु फरगिव्ह डिव्हाइन'मध्ये भानगड काहीच नाही, फक्त तोल आहे.

पन म्हणजे श्लेष. युफेमिझम म्हणजे कटू गोष्ट गोड करून सांगणं. ज्या भाषेत बांगडी फुटत नाही, 'वाढवते', आणि दिवा विझत नाही, 'मोठा होतो', त्या भाषेच्या लेकरांना तो वेगळा शिकवायला नको.

जिभेला अडणारं : हा आपल्याला दिसतच नाही

इन्व्हर्जन म्हणजे शब्दांचा नेहमीचा क्रम उलटवणं. मराठी माणसाला तो जवळजवळ ऐकूच येत नाही. डॅफोडिलच्या त्याच कवितेतली 'टेन थाउजंड सॉ आय अ‍ॅट अ ग्लान्स' ही ओळ वाचून मुलं म्हणतात, 'यात काय आहे?' बरोबरच आहे. 'दहा हजार पाहिली मी' आणि 'मी दहा हजार पाहिली' दोन्ही आपल्याला चालतात. आपल्या विभक्ती कोण कर्ता, कोण कर्म ते सांगतात, त्यामुळे शब्द कुठेही बसले तरी वाक्य कोसळत नाही. इंग्रजीत मात्र जागा हीच विभक्ती. तिथे कर्ता क्रियापदाच्या मागे गेला की इंग्रजाला ठेच लागते.

त्यामुळे इथे कानावर विसंबू नका, बोटाने तपासा. क्रियापदावर बोट ठेवा. त्याच्या डावीकडे कर्ता हवा, उजवीकडे कर्म आणि बाकीचं. 'सॉ'च्या डावीकडे दहा हजार आहेत आणि उजवीकडे 'आय'. उलटलं. 'होमवर्ड प्लॉड्स'मध्ये 'घराकडे' आधी आलं. उलटलं. मग सरळ क्रमात वाक्य लिहून दाखवा, त्याशिवाय स्पष्टीकरण पुरं होत नाही. आणि का उलटलं तेही एका वाक्यात सांगा : फुलांचा आकडा आधी डोळ्यांत भरावा म्हणून, किंवा नांगऱ्याला घराची ओढ आधी दिसावी म्हणून.

आता उत्तर लिहा

तीन वाक्यं पुरतात. पहिल्यात नाव. दुसऱ्यात ओळीतले नेमके शब्द उचलून कशाचं काय केलं ते. तिसऱ्यात त्याने काय साधलं. मुलं पहिल्यानंतर थेट व्याख्या लिहितात आणि तिथेच थांबतात. व्याख्या तपासणाऱ्याला येते. त्याला बघायचं असतं की ही ओळ तुम्हाला आली का.

सरावासाठी टेनिसनची 1851 मधली गरुडावरची कविता घ्या. सहाच ओळी आहेत. 'ही क्लॅस्प्स द क्रॅग विथ क्रूकेड हँड्स' : देवनागरीत क किती वेळा आला मोजा, आणि पक्ष्याला 'हात' कुठून आले ते विचारा. 'लोन्ली लँड्स' : एकटं कोण, प्रदेश की गरुड? शेवटच्या ओळीत तो 'लाइक अ थंडरबोल्ट' कोसळतो, ते तुम्हाला जमेल.

मधली एक ओळ मात्र सावकाश वाचा : 'द रिंकल्ड सी बिनीथ हिम क्रॉल्स'. सुरकुतलेला समुद्र रांगतो. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेली मुलं थोडीच, त्यामुळे लाटा उसळतात, रांगत नाहीत, असाच सगळ्यांचा आग्रह होता. बराच वेळ कुणी बोलेना. मग तो संचारबंदीवाला पोट्टा म्हणाला, 'मॅडम, रामटेकच्या गडावरून तलाव पाहिला ना, तर पाणी हालून नाही राहिलं, चुरगळल्यासारखं दिसते. हा गरुड वर आहे. आपण खाली उभं राहून वाचून राहिलो.'